बाईंनी हॉर्न सोडला

भिवंडीतल्या टेमघरच्या पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत रोज सकाळी सहा चाळीसला एक गाडी तीनदा खोकते आणि चौथ्यांदा सुरू होते. तिसऱ्या खोकल्याला वरच्या मजल्यावर गॅस पेटतो, चौथ्याला समोरचे गृहस्थ दाढीचा साबण पुसतात. गल्लीत घड्याळं आहेत, पण त्यांच्यावर कुणाचा तेवढा विश्वास नाही.

गाडी १९५६ सालची फियाट. नाक पुढे आलेलं, गाल फुगलेले, म्हणून जुनी माणसं तिला डुक्कर फियाट म्हणतात. विद्युल्लताबाईंच्या तोंडी तो शब्द नाही. त्या तिला वराह म्हणतात, दशावतारातला तिसरा. "एवढी पृथ्वी वर उचलून आणली त्यानं, मला पूर्ण्याला सोडायला त्याला काय जड जाणार?" असं त्या एकदा शाळेत शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या होत्या. कुणी हसलं नाही, कारण बाई विनोद करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंनाही नव्हतं.

बाई सत्तावन्न वर्षांच्या. जवळच्या पूर्णा गावातल्या शाळेत गणित शिकवतात, निवृत्तीला एक वर्ष बाकी. आवाज इतका हळू की पहिल्या बाकावरची मुलं ऐकतात आणि मागे सांगत जातात. शेवटच्या बाकावर उत्तर पोचेपर्यंत पहिल्या बाकावर पुढचं गणित सुरू झालेलं असतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय श्रावणातले शनिवार. "आमच्याकडे उपासाचे दिवस विचारू नका, जेवणाचे विचारा, ते लक्षात ठेवायला सोपे," असं त्यांचे यजमान प्रभाकरराव पाहुण्यांना सांगतात. प्रभाकरराव दिवाणी कोर्टात लिपिक होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं वाचून त्यांची अशी सवय झालेली की दुधाच्या पिशवीवरचा मजकूरही ते शेवटपर्यंत वाचतात, आणि मगच पिशवी फोडतात.

गाडी मूळची अण्णांची, म्हणजे बाईंच्या वडिलांची. भात कापून झालं की पूर्ण्याच्या मोकळ्या शेतात अण्णांनी मुलीला गाडी शिकवली. शेत नवशाबाबांचं. नवशाबाबा बांधावर विडी ओढत बसायचे आणि गाडी बांधाजवळ आली की पाय वर घ्यायचे, एवढाच त्यांचा आक्षेप. अण्णांनी गिअर, क्लच शिकवलं आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "विद्या, हिला उभी करायची नाही. रोज थोडी तरी चालवायची. उभी राहिलेली गाडी आतून गंजत जाते, आणि मग लोक तिच्याबरोबर फोटो काढतात."

अण्णांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. गाडी एक दिवस उभी राहिलेली नाही. टाळेबंदीत बाई रोज सकाळी तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणत. एकदा पोलिसानं अडवलं, तर बाई म्हणाल्या, "याला जरा फिरवून आणते." पोलिसानं वाकून मागच्या सीटवर कुत्रं शोधलं.

तर या गाडीचं पासिंग यंदा ऑक्टोबरअखेर संपत होतं. एवढ्या जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी सरकारपुढे उभं राहून आपण अजून गाडी आहोत हे सिद्ध करावं लागतं. मागच्या तीन वेळा ती पास झाली होती, पण प्रत्येक वेळी तपासणारा माणूस तिच्याकडे जास्त वेळ बघत राहिला होता.

जूनमध्ये भूपेश घरी आला. भूपेश नवशाबाबांचा नातू आणि बाईंचा विद्यार्थी. सातवीत त्याला अपूर्णांक जमत नसत. आता त्याची पूर्ण्याला अकरा गोदामं आहेत. ज्या शेतात बाई गाडी शिकल्या तिथे त्याचं सात नंबरचं गोदाम उभं आहे. आता त्यानं हायवेला हॉटेल काढलं होतं.

"बाई, दर्शनी भागात काचेची केबिन करतंय," तो सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाला. बाईंच्या घरी तो कधी सोफ्यावर पूर्ण बसत नाही. "आत एसी, वरून लाइट, आन मधी आपली गारी. पाटीवर लिवतो, आमच्या बाईंची गारी. माझ्या आज्याच्या शेतात शिकलाव ना तुमी? मंग ती आमच्याकडंच शोभल."

"एसीत तिला सर्दी होईल," बाई म्हणाल्या.

"न्हाय हो बाई. विंटेजचा नंबर घेऊ. त्याला पाच-पाच वर्सांची कटकटच न्हाय."

प्रभाकररावांनी चष्मा लावला. नियमाचा कागद त्यांच्याकडे होताच. कागद त्यांच्याकडे कायम असतात. "विंटेज नंबर घेतला की गाडी प्रदर्शनाला नेता येते. पेट्रोल भरायला नेता येते. दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला काढता येत नाही. शाळा यात कुठे बसते का ते मी दोनदा वाचून पाहिलं. बसत नाही."

"पन काका, पासिंगला नापास झाली तर? मंग दारात सडवनार काय?"

बाईंनी पदराचं टोक दोन बोटांत धरलं, सोडलं.

"ऐक भूपेश. पासिंग झालं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही झालं, तर त्याच दिवशी ने. उभी राहिलेली मला रोज बघवणार नाही."

"शब्द?"

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सातवीत असताना 'गृहपाठ केलास?' विचारून असंच पाहायच्या. भूपेश उठून पाया पडला आणि गेला. बाईंचा शब्द म्हणजे काय हे त्याच्या अंगठे धरून उभ्या राहिलेल्या पायांना माहीत होतं.

*

मग आषाढी एकादशी आली, चातुर्मास लागला, आणि दरवर्षीचा प्रश्न उभा राहिला. चार महिन्यांसाठी काय सोडायचं?

कांदा-लसूण बाईंनी लग्नाआधीच सोडलं होतं. वांगं सोडलं, ते कायमचंच. एका वर्षी गोड सोडलं. एका वर्षी चहा सोडला, तेव्हा प्रभाकररावांनी चार महिने गॅलरीत पाठमोरं बसून चहा प्यायला. त्यांना तसं बसायला कुणी सांगितलं नव्हतं. पण समोर बसून पिताना कप वाजायचा. गेल्या वर्षी बाईंनी पंखा सोडला. पंखा एकट्यानं सोडता येत नाही हे तेव्हा कळलं.

यंदा देवळात प्रवचनकार म्हणाले, "जे तुम्हाला आवडत नाही ते सोडून देवाला फसवू नका. जे सोडणं जड जाईल ते सोडा." बाई घरी येईपर्यंत विचार करत होत्या. कल्याण नाक्यावर गाडी अडकली. पुढे मागाचे सुताचे बीम लादलेला टेम्पो, डावीकडे कापडाच्या ताग्यांची हातगाडी, उजवीकडे तीन रिक्षा, मागे कंटेनर. बाईंचा हात आपोआप हॉर्नवर गेला आणि तिथेच त्यांना उत्तर मिळालं.

घरी येऊन त्यांनी हात-पाय धुतले, देवापुढे बसून तळहातावर पाणी घेतलं आणि हळू आवाजात, पण स्पष्ट म्हटलं, "कार्तिकी एकादशीपर्यंत मी हॉर्नच्या बटणाला हात लावणार नाही." आणि पाणी ताम्हनात सोडलं.

प्रभाकरराव दारात उभे होते. "भिवंडीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एखाद्या छोट्या गावात सोडला असतास तर समजलो असतो."

"तिथे जड गेलं नसतं ना," बाई म्हणाल्या.

भिवंडीत हॉर्न हा रस्त्याचाच भाग आहे. माणसं तो ऐकून हटत नाहीत. पण तो वाजला नाही तर आपल्यामागे कुणी आहे हे त्यांना पटत नाही. पहिल्या दिवशी बाई शाळेत चाळीस मिनिटं उशिरा पोचल्या. दुसऱ्या दिवसापासून सहा चाळीसची गाडी सहाला खोकू लागली आणि गल्लीत सगळ्यांचं सगळंच लवकर होऊ लागलं.

बाईंची पद्धत अशी. पुढे कुणी आलं की थांबायचं, काच खाली करायची आणि म्हणायचं, "जरा सरता का?" ते कुणाला ऐकू जात नसे. मग त्या नामजप करत. एकशे आठ झाले की पुन्हा विचारत. मेट्रोच्या खांबांमधल्या अरुंद वाटेत ताग्यांची हातगाडी ओढणारे काळूराम रोजचे पुढे असत. ते घामाघूम, बाई मागे, दोघं एकाच गतीनं धामणकर नाक्यापर्यंत जात. आठवड्याभरानं काळूराम मागे वळून म्हणाले, "बाई, भोंगा मारा की. मी हाय बैल, मला कसं कळनार तुमी मागं हाय?"

"चातुर्मास आहे," बाई म्हणाल्या.

"हां मंग ऱ्हाऊ द्या," काळूराम म्हणाले आणि गाडी ओढू लागले.

रिक्षावाल्यांना पटायला वेळ लागला. "ओ मावशी, हॉर्न दो ना! बिना हॉर्न के कैसे हटेंगे? इज्जत का सवाल है!" पण श्रावण संपता संपता त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक झालं की ती जुनी गोल गाडी वाजत नाही. कुणी म्हणत बाईंचा नवस आहे, कुणी म्हणत गाडीला हॉर्नच नाही. नाक्यावरचा ट्रॅफिक हवालदार म्हणायचा, "भिवंडीत एकच गाडी शांत आहे, तिला सलाम करा." आणि करायचाही.

*

पासिंगचा कॅम्प अंजूर फाट्याच्या पुढे एका मैदानात लागणार होता. तारीख आली ती कार्तिकीच्या तीन आठवडे आधीची. पुढचा कॅम्प मुदत संपल्यानंतरचा. म्हणजे हीच एक संधी.

आदल्या दिवशी दुपारी प्रभाकरराव तपासणीची यादी घेऊन गाडीत बसले आणि एकेक गोष्ट मोठ्यानं वाचत टिक करू लागले. दिवे, ठीक. वायपर, एक ठीक, दुसरा नव्हताच. ब्रेक, बाईंनी दाखवले, उत्तम. हॉर्न. नेम बाईंचा होता, प्रभाकररावांचा नव्हता. त्यांनी बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. मग अंगठ्यानं, मग तळव्यानं. सगळा पावसाळा गाडी रोज भिजली होती आणि त्या बटणाला तीन महिन्यांहून अधिक काळ कुणी शिवलं नव्हतं. आतून गंजून त्याची भुकटी झाली होती.

बाई दाराशी उभ्या होत्या. अण्णा म्हणाले होते, उभी राहिलेली गाडी गंजते. गाडी उभी राहिली नव्हती. पण गाडीतला एक भाग बाईंनी उभा करून ठेवला होता, देवाच्या नावानं, आणि तो बरोबर अण्णांच्या सांगण्याप्रमाणे वागला होता. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "मोमीनचाचांना बोलवा," त्या म्हणाल्या.

मोमीनचाचा लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, मोटारी दुरुस्त करतात आणि सवड मिळाली की जगात उरलेलं सगळं. त्यांनी भोंगा काढला, घासला, तारेला लावून पाहिला; तो खणखणीत वाजला. बटण मात्र त्यांनी तळहातावर ओतून दाखवलं. "ये तो गया, साहब. इसका माल आज के आज कहाँ मिलेगा?" मग त्यांनी आपल्या पिशवीतून एक काळी डबी काढली. तिच्यावर एक हिरवं बटण, एक लाल. लूम सुरू करायची आणि बंद करायची.

ती डबी त्यांनी डॅशबोर्डखालच्या फळीला स्क्रूनं बसवली. "हरा दबाओ, बजेगा. बजता रहेगा, लूम का है ना, खटका बैठ जाता है. लाल दबाओ, तब बंद. कल पास करा लो, जुम्मे के बाद असली ढूँढ के लगा दूँगा."

"म्हणजे हिरवं दाबून बोट काढलं तरी बंद होणार नाही," प्रभाकररावांनी खात्री करून घेतली.

"लूम हाथ हटाने से बंद हो जाए तो कपड़ा कैसे बनेगा, साहब?" मोमीनचाचा म्हणाले.

*

सकाळी प्रभाकरराव कागदांची पिशवी घेऊन रिक्षानं पुढे गेले, रांगेत नंबर धरायला. जाताना म्हणाले, "हिरव्याला धक्का लागू देऊ नकोस." बाईंनी गाडीला हळद-कुंकू लावलं, तपासणीआधी मैदानावर फोडायला एक नारळ घेतला आणि तो कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहून डॅशबोर्डखालच्या फळीवर ठेवला. तिसऱ्या खोकल्यानंतर चौथ्याला गाडी सुरू झाली.

कल्याण नाक्याच्या अलीकडे एक खड्डा आहे. बाई तो ओळखून होत्या. पण त्या दिवशी त्याच्या शेजारी नवा पडला होता. गाडीचं नाक खाली गेलं, वर आलं. नारळ घरंगळला आणि फळीच्या टोकाला असलेल्या डबीवर जाऊन आदळला.

वराह ओरडू लागला.

सव्वातीन महिन्यांचा न वाजलेला, नुकताच घासलेला भोंगा तो. बाईंनी नारळ बाजूला केला. भोंगा चालूच. लाल बटण त्यांच्या हातापासून वीतभर होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. संकल्प करताना 'हॉर्नच्या बटणाला हात लावणार नाही' असं म्हटलं होतं. वाजवायला लावणार नाही की थांबवायला, असा भेद देवापुढे केलेला नव्हता. लाल बटणही हॉर्नचंच. बाईंनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले.

शेजारी रिक्षा होती. बाईंनी काच खाली केली आणि रिक्षावाल्याला हातानं बोलावलं. "जरा एवढं लाल बटण दाबता का?" असं त्या म्हणत होत्या. रिक्षावाल्यानं एवढंच पाहिलं की जी गाडी कधी म्हणजे कधी वाजत नाही ती बोंबलत सुटली आहे आणि आतल्या मावशी हात हलवतायत.

"ब्रेक फेल!" तो ओरडला. "मावशी का ब्रेक फेल! हटो! हटो रे!"

रस्ता दुभंगला. बीमचा टेम्पो फुटपाथवर चढला. तीन रिक्षा एका गल्लीत घुसल्या, जिथे एकीचीच जागा होती. बाई वेग कमी करून बाजूला घ्यायला पाहत होत्या, तर बाजूला जिकडे तिकडे माणसं उभी राहून त्यांना पुढची वाट दाखवत होती. "सीधा जाओ, मावशी! घबराना नहीं!" नाक्यावर हवालदारानं चारही बाजूंची वाहतूक थांबवली, मधोमध उभं राहून सलाम न करता दोन्ही हातांनी त्यांना पुढे काढलं आणि अंजूर फाट्याला कळवायला फोन कानाला लावला.

"ब्रेक चांगले आहेत हो," बाई प्रत्येकाला सांगत होत्या. शांत वेळीही जो आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नसे, तो भोंग्यापुढे काय जाणार!

मेट्रोच्या खांबांमध्ये काळूराम होते. त्यांनी मागे वळून पाहिलं, हातगाडी टाकली आणि ती सगळ्या ताग्यांसकट खांबाआड ढकलली. बाई जाताना त्यांनी हात जोडले. बाईंनीही एक हात सोडून नमस्कार केला. लोकांनी त्याचा अर्थ शेवटचा निरोप असा घेतला.

टेमघर ते अंजूर फाटा. एरवी पाऊण तास. त्या दिवशी अकरा मिनिटं.

*

मैदानाच्या फाटकात भूपेश उभा होता. त्याच्यामागे त्याच्या गोदामाचा सपाट पाठीचा ट्रक, त्यावर गादी अंथरलेली, आणि हातात झेंडूचा दीड पुरुष लांब हार. नापास झालेली गाडी मानानं न्यायची म्हणून तो तयारीनं आला होता. हवालदाराचा फोन आधीच पोचला होता, त्यामुळे मैदान रिकामं करून सगळे कुंपणापाशी सरकले होते.

वराह ओरडत आत आला आणि पांढऱ्या रेघेवर, बरोबर रेघेवर, थांबला. प्रभाकरराव धावत आले, खिडकीतून हात घातला आणि लाल बटण दाबलं.

शांतता इतकी मोठी होती की भूपेशच्या हारातलं एक फूल पडलेलं ऐकू आलं.

तपासणीला रूपामॅडम होत्या, तिशीतल्या निरीक्षक, हातात टॅब. त्यांनी आधी टॅबकडे पाहिलं, मग गाडीकडे. "ब्रेक फेल म्हणून फोन आला होता."

"ब्रेक चांगले आहेत," बाई म्हणाल्या. आज पहिल्यांदाच ते कुणाला ऐकू गेलं.

पण फोन आला होता, म्हणून मॅडमनी ब्रेक तीनदा तपासले. एकदा हळू, एकदा जोरात, एकदा स्वतः समोर उभं राहून. तिन्ही वेळा गाडी टिचकी मारल्यासारखी थांबली. दिवे पाहिले, धूर पाहिला, उलटं उघडणारं पुढचं दार दोनदा उघडून पाहिलं; ते नियमासाठी नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "हॉर्न."

"वाजतो," प्रभाकरराव म्हणाले. "फाट्यापासून ऐकला असेल आपण."

"ऐकला. पण चालकानं स्वतः वाजवून दाखवायचा असतो. आणि बंद करून."

"नियम दाखवा."

मॅडमनी टॅब पुढे केला. प्रभाकररावांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चौतीस वर्षांत त्यांनी कितीतरी वाक्यांत फट शोधली होती. "आहे," ते म्हणाले आणि चष्मा काढला.

"काय अडचण आहे?" मॅडमनी बाईंना विचारलं.

"माझा नेम आहे. कार्तिकीपर्यंत हॉर्नला हात लावायचा नाही."

रूपामॅडमनी टॅबवर बोट वरखाली फिरवलं. टॅबवर असा रकाना नव्हता. "मग मला नापास लिहावं लागेल, मॅडम," त्या म्हणाल्या. "माझा नाइलाज आहे."

भूपेश दोन पावलं पुढे आला. बाईंकडे पाहून थांबला. हार त्याच्या हातात जड झाल्यासारखा खाली लोंबला. "बाई, मी नीट ठेवीन तिला," तो म्हणाला. "रोज पुसून घीन."

बाईंना ती काचेची केबिन दिसली. वरून लाइट. समोर हॉटेलात लग्नाला आलेली माणसं फोन काढून उभी, आणि आत वराह, स्वच्छ, पुसलेला, आतून हळूहळू बटणासारखा भुकटी होत चाललेला.

त्यांनी फळीवरचा नारळ उचलून मांडीवर घेतला. डोळे मिटले. ओठ थोडा वेळ हलत होते. काय म्हणत होत्या ते जवळ उभ्या प्रभाकररावांनाही ऐकू आलं नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं हिरवं बटण दाबलं. भोंगा वाजला. बाईंनी तो तीन आकडे मोजेपर्यंत वाजू दिला आणि त्याच बोटानं लाल दाबलं.

"पास," रूपामॅडम म्हणाल्या. लिहिता लिहिता खाली वाकून त्यांनी डबी पाहिली. "हे लूमचं आहे ना? आमच्या घरी सहा होते. आठ दिवसांत गाडीचं लावून घ्या हं."

भूपेश हार घेऊन तसाच उभा होता. "बाई, आता हा कुनाला घालू?"

"ज्याच्यासाठी आणलास त्याला घाल."

त्यानं हार वराहाच्या नाकावरून घातला. हार मोठा होता, दोन फेरे झाले. मग पाया पडून तो म्हणाला, "विषय संपला, बाई," आणि गादी अंथरलेला ट्रक रिकामाच घेऊन गेला. बाईंनी चाकापाशी नारळ फोडला. आज त्यानं पुरेसं केलं होतं.

*

परत येताना प्रभाकरराव गाडीत होते. धामणकर नाका मागे पडेपर्यंत त्यांनी पासिंगचा कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "मोडायचाच होता, तर त्या खड्ड्यापाशीच लाल दाबायचं. सगळं गाव तरी वाचलं असतं."

"तिथे नुसती लाज वाटत होती," बाई म्हणाल्या. "लाज वाटते म्हणून नेम मोडत नाहीत."

प्रभाकररावांनी हे वाक्य मनात दोनदा वाचलं. त्यात फट नव्हती.

संध्याकाळी बाई देवापुढे बसल्या. तळहातावर पाणी घेतलं. मोडलेला नेम पहिल्यापासून धरायचा असतो. आजपासून पुन्हा चार महिने, म्हणजे माघापर्यंत. "कार्तिकीला आपण सुटणार होतो," प्रभाकरराव दारातून म्हणाले. बाईंनी पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी सहाला निघाली. आणि बाईंच्या लक्षात आलं की रस्ता मोकळा आहे. टेम्पो त्यांना पाहताच कडेला गेला. रिक्षावाले एकमेकांना खुणा करून सरकले. कालची बातमी गावभर झाली होती. गाडीचे ब्रेक गेलेले आहेत आणि मावशी तरीही चालवतायत. बाई सव्वासहाला शाळेच्या फाटकात होत्या. फाटक बंद होतं.

त्या गाडीत बसून राहिल्या. जे सोडणं जड जाईल ते सोडायचं. यात जड काहीच उरलं नव्हतं. हॉर्न नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. शिवाय जी वाट मिळत होती ती एका खोट्या गोष्टीवर मिळत होती.

तिसऱ्या दिवशी कल्याण नाक्याच्या अलीकडे बाईंनी गाडी बाजूला उभी केली, खाली उतरल्या आणि कडेला सरकलेल्या पहिल्या रिक्षापाशी जाऊन म्हणाल्या, "ब्रेक चांगले आहेत. परवा नुसता हॉर्न अडकला होता. पासिंग झालंय." रिक्षावाल्यानं कानाशी हात नेला. बाईंनी पुन्हा सांगितलं. मग दुसऱ्या रिक्षाला. मग टेम्पोला. मग हवालदाराला, त्याला कागदही दाखवला. रोज थोडे थोडे असे त्यांनी टेमघरपासून फाट्यापर्यंत सगळ्यांना सांगून संपवलं. त्याला नऊ दिवस लागले. मधल्या जुम्म्यानंतर मोमीनचाचांनी गाडीचं बटण लावून दिलं आणि लूमची डबी परत नेली.

दहाव्या दिवशी मेट्रोच्या खांबांमध्ये बाईंच्या पुढे बीमचा टेम्पो होता, डावीकडे दोन रिक्षा, मागे कंटेनर, आणि अगदी समोर काळूरामांची हातगाडी. कुणीही हटत नव्हतं. काळूरामांनी मागे वळून पाहिलं.

"बाई, आजून हाय का तुमचा चातुर्मास?"

"माघापर्यंत."

"बरं बरं," काळूराम म्हणाले आणि पुन्हा पुढे वळले.

बाईंनी काच खाली केली, जपाची माळ काढली आणि पहिला मणी धरला. गाडी सुरूच होती.